उन्हाळ्यात घरी रोल धुताना: आधी पाणी हाताशी आणा

गंगाखेडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरच्या बाथरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट रोल धुणं, म्हणजे डेव्हलप करणं, सुरू केलं. जानेवारीत इल्फर्डच्या एचपी५ प्लसचे रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) करून ११ मिनिटं धुतले, छान आले. एप्रिलात तोच रोल, तेच केमिकल, तीच ११ मिनिटं. तरी दोन रोल काळेकुट्ट आले, दाणाही जाड. तिसऱ्या वेळी फोमा कंपनीचा फोमापॅन रोल होता. बर्फ वापरून डेव्हलपर बरोबर २० अंशांवर आणला, बाकी सगळं नळाच्या पाण्यावर केलं. या वेळी काळेपणा बरोबर आला, पण रोलावरच्या जिलेटिनच्या थरावर बारीक सुरकुत्या पडल्या आणि काठाला जिलेटिन सुटलं. शिवाय तिन्ही रोलांवर वाळल्यावर पांढरे डाग. तर डी-७६ सोडून दुसरा डेव्हलपर घ्यावा का, की थर कडक करणारा हार्डनर घालावा?

डेव्हलपर बदलू नका. डी-७६ हा १९२७ पासून चालत आलेला डेव्हलपर आहे आणि शिकायला त्याच्याइतका सरळ दुसरा नाही. तुमच्या तक्रारी तीन दिसतात, पण मुळं दोनच: तापमान आणि जड पाणी. पाकिटावरची वेळ २० अंशांसाठी लिहिलेली असते. जानेवारीत पहाटे आपल्याकडे ते २० अंश आपोआप मिळतात. एप्रिलात गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतून येणारं पाणी सकाळीसुद्धा ३० च्या वर असतं आणि दुपारी हाताला चटका देतं. मराठवाड्यात २० अंशांच्या मागे धावण्यापेक्षा आपल्याला शेवटपर्यंत टिकवता येईल असं एकच तापमान ठरवायचं, सगळी पाणी त्यावर आणायची आणि वेळ त्याप्रमाणे कमी करायची. मार्च ते जूनसाठी ते तापमान २४ अंश ठेवावं, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

आधी काळ्या रोलांचा हिशेब करू. तापमान एक अंश वाढलं की वेळ साधारण दहाव्या हिश्शानं कमी करावी लागते. २० ला ११ मिनिटं असतील तर २२ ला जवळपास ९, २४ ला सव्वासात, २६ ला सहाला थोडी कमी. हाच हिशेब ३३ अंशांपर्यंत ओढला तर तीन मिनिटांच्या आत येतो. इतक्या वर तो तंतोतंत खरा नसतो, पण अंदाज येतो: तुमचे दोन रोल गरजेच्या तिप्पट-चौपट धुतले गेले. त्यात डी-७६ मध्ये मेटॉल आणि हायड्रोक्विनोन अशी दोन डेव्हलपिंग द्रव्यं असतात आणि उष्णतेनं हायड्रोक्विनोन जास्त चेकाळतं. म्हणून नुसता काळेपणा वाढत नाही, कॉन्ट्रास्टही वाढतो. उलट डिसेंबरात परभणीला पारा एक आकड्यावर उतरतो, तेव्हा १३ अंशांच्या खाली हेच हायड्रोक्विनोन जवळजवळ झोपतं आणि निगेटिव्ह पातळ, मेलेले येतात. तेव्हा पाणी कोमट करून घ्यायचं, वेळ वाढवत बसायचं नाही.

मग थेट ३३ अंशांवर तीन मिनिटं का धुऊ नयेत? कारण पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा चालत नाही. ओतायलाच दहा-पंधरा सेकंद जातात. तीन मिनिटांत तेवढा फरकही आकाशात पट्टे पाडतो. याच कारणानं उन्हाळ्यात डी-७६ मूळ द्रावण म्हणून, म्हणजे पाणी न घालता, वापरू नये. एचपी५ ला मूळ द्रावणात २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात, म्हणजे २४ वर पाचच्या खाली येतो. १+१ केलं की सव्वासात मिनिटं हातात राहतात. इल्फर्डचा आयडी-११ हा डी-७६ चाच भाऊ. तो १+३ करून वापरला तर एचपी५ ला २० अंशांवर २० मिनिटं आहेत. घर पत्र्याचं असेल आणि २७-२८ च्या खाली काही केल्या उतरता येत नसेल, तर हा मार्ग बरा: २८ अंशांवर साडेआठ मिनिटांच्या आसपास येतो.

रोल जास्त धुतला गेला की कॅमेऱ्यातच प्रकाश जास्त गेला, हे काठावरचे आकडे सांगतात. ते आकडे कंपनीनं छापलेले असतात, तुमच्या एक्स्पोजरचा त्यांच्याशी संबंध नसतो. आकडे जाड, फुगलेले, कडा पसरलेले दिसले तर धुणं जास्त झालं. आकडे नीट आणि फ्रेम तेवढ्या काळ्या, तर एक्स्पोजर जास्त. आकडे फिके तर धुणं कमी पडलं. दुसरी परीक्षा वर्तमानपत्राची. पांढरं धोतर किंवा ऊन पडलेली भिंत असलेली फ्रेम घ्या, तिचा सर्वांत काळा भाग छापील मजकुरावर ठेवा. अक्षरं जेमतेम वाचता आली तर धुणं बरोबर. अक्षर दिसतच नसेल तर पुढच्या वेळी एक मिनिट कमी करा. सावलीतला तपशील मात्र धुण्यानं वाढत नाही. तो एक्स्पोजरनंच मिळतो.

आता सुरकुत्या. तिसऱ्या रोलाचा डेव्हलपर २० अंशांवर होता, आणि त्यानंतर रोल थेट नळाच्या ३५-३८ अंशांच्या पाण्यात गेला. अल्कलीनं फुगलेलं जिलेटिन अशा एकदम उडीनं ताणलं जातं, सुटतं आणि त्याची जाळी पडते. इल्फर्ड, कोडॅकचे आजचे रोल बरंच सोसतात. फोमाचा थर ओला असताना मऊ असतो, त्यामुळे तो आधी हार मानतो. म्हणून डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं), धुण्याचं पाणी आणि शेवटची खळबळ, या पाचांमध्ये दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. सगळं २६ वर असलं तरी चालेल, पण एक २० वर आणि दुसरं ३६ वर चालणार नाही. २४ निवडायचं कारणही हेच: उन्हाळ्यात एक बाटली २० वर आणणं सोपं आहे, सात-आठ लिटर पाणी २० वर टिकवणं नाही.

हे पाणी गोळा कसं करायचं ते तुमच्या घरावर आहे. जुन्या वाड्याच्या दगडी खोलीत पहाटे पाचला काम केलं तर निम्मं काम घरच करतं. स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली असाल तर रात्रीच पाणी भरून अंगणात किंवा गच्चीवर उघड्यावर ठेवा. माठ आणि रांजण इथे खरे उपयोगाचे, कारण एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते आणि पाझरणारं पाणी भराभर उडतं. माठातलं पाणी सहसा २४ ते २६ च्या आसपास सापडतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ तेवढा उतरत नाही, पण तेव्हा नळाचं पाणीही बरंच निवलेलं असतं.

एक मोठा टब किंवा घमेलं घ्या, त्यात पंधरा-वीस लिटर पाणी. सगळ्या बाटल्या आणि डेव्हलपिंग टँक त्यातच उभे करा. उतरवायचं असेल तर पाणी भरून गोठवलेली प्लॅस्टिकची बाटली टबात सोडा, पाहिजे तेव्हा काढा. बर्फ डेव्हलपरमध्ये कधी टाकू नका, त्यानं प्रमाण पातळ होतं. बाटल्यांना टबाइतकं तापमान यायला अर्धा तास द्या. थर्मामीटर प्रयोगशाळेतला किंवा स्वयंपाकाचा डिजिटल घ्या. तापाचा ३५ च्या खाली दाखवतच नाही. टँक हातात धरून बसलात तर हातानंच तो तापतो, म्हणून हलवून झाला की परत टबात. सुरुवात साडेतेवीसला केली आणि शेवटी साडेचोवीस भरलं तर हिशेब २४ चाच धरा.

एका रोलाला ३०० मिली पुरतं, तरी दोन रिळांचा टँक घ्या, रोल खालच्या रिळावर, वर रिकामं रीळ, आणि ५०० मिली द्रावण: २५० डेव्हलपर, २५० पाणी. जास्त द्रावण लवकर तापत नाही, आणि रोलाला डेव्हलपरही भरपूर मिळतो. १+१ केलेलं द्रावण एकदाच वापरून टाकायचं.

रोल रिळावर चढवणं उन्हाळ्यात वेगळंच छळतं. चेंजिंग बॅगेत हाताला घाम येतो, आत वाफ धरते, प्लॅस्टिकच्या रिळावर रोल अर्ध्यात अडकतो. रीळ पूर्ण कोरडं असलं पाहिजे. आदल्या दिवशी धुऊन उन्हात वाळवा. शक्य असेल तर बॅग सोडा आणि रात्री दिवे घालवून, दाराखाली जाड टॉवेल लावून, उघड्या हातानं चढवा. पाच मिनिटं अंधारात थांबा. कुठे उजेडाची रेघ दिसली तर आधी ती बुजवा. अडकला तर ओढू नका, मागे घेऊन टोकाचे कोपरे कात्रीनं थोडे गोल करा.

धुताना पहिली दहा सेकंद टँक हळूहळू उलटा-सुलटा करा, मग ओट्यावर दोनदा आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात. त्यानंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा उलटा-सुलटा. घाईघाईनं घुसळलंत तर रोलाच्या काठच्या छिद्रांच्या बाजूनं द्रावण जोरात फिरतं आणि फ्रेममध्ये पट्टे उमटतात. ओतून काढायला १५ सेकंद आधी सुरुवात करा.

स्टॉपसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चालतं: लिटरला १५ ग्रॅम, अर्धा मिनिट. फिक्सर तयार रॅपिड घेतलात तर १+४ करून तीन ते पाच मिनिटं. स्टुडिओवाल्यांसारखा साधा हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरायचा तर २५० ग्रॅम खडे आणि १५ ग्रॅम सोडियम सल्फाइट, पाणी घालून एक लिटर. खडे विरघळताना पाणी चांगलंच गार पडतं, म्हणून ५० अंशांच्या पाण्यात विरघळवा आणि मग टबाच्या तापमानाला येऊ द्या. साध्या हायपोच्या आधी आम्ल स्टॉप नको, त्यानं हायपोतून गंधक सुटून द्रावण गढूळ होतं. दोनदा साध्या पाण्यानं खळबळून घ्या. फिक्सरची वेळ पुस्तकावर सोडू नका. रोलाच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाका, तो पारदर्शक व्हायला लागलेली वेळ मोजा आणि तिच्या दुप्पट फिक्स करा. ताज्या फिक्सरला लागायची त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागली की तो फिक्सर संपला. धुऊन झाल्यावर रोल दुधट दिसला तर घाबरू नका, परत फिक्सरमध्ये घाला. तोवर काही गेलेलं नसतं.

हार्डनरचा प्रश्न विचारलात म्हणून: पाचही पाणी २६ च्या आत राहत असतील तर त्याची गरज नाही. त्यानं फिक्सरनंतर पाण्यानं धुण्याला वेळ जास्त लागतो आणि पाणीही. अगदी ३० च्या आसपासच काम करावं लागलं तर जुना उपाय म्हणजे डेव्हलपरमध्ये निर्जल सोडियम सल्फेट घालणं. २४ ते २७ अंशांना लिटरला ५० ग्रॅम, ३० ते ३२ ला १०० ग्रॅम. जिलेटिन कमी फुगतं. पण डेव्हलपिंगही मंदावतं, म्हणून आधी चाचणीचा तुकडा धुऊन वेळ ठरवावी लागते. आणि केमिकलच्या दुकानात चिठ्ठी लिहून द्या: सल्फाइट, सल्फेट, थायोसल्फेट आणि सल्फाइड या चार वेगळ्या वस्तू आहेत, आणि तोंडी सांगितलं की पुड्या बदलतात.

आता पांढरे डाग. आपलं बोअरचं पाणी बेसॉल्टच्या खडकातून येतं, त्यात चुन्याचे क्षार भरपूर. थेंब वाळतो, क्षार तिथेच राहतात. बादलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच तुमच्या निगेटिव्हवर आहे. सगळं काम आरओच्या पाण्यात करायची गरज नाही. दोनच ठिकाणी ते लागतं: डेव्हलपर बनवताना आणि पातळ करताना, आणि अगदी शेवटच्या खळबळीला. घरी फिल्टर नसेल तर जारचं पाणी घ्या, किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. स्टॉप, फिक्सर आणि मधलं, म्हणजे फिक्सरनंतरचं साध्या पाण्याचं धुणं, बोअरच्या पाण्यात चालतं.

मधलं धुणं नळ सोडून अर्धा तास करू नका. नळाचं तापमान तुमच्या हातात नसतं, आणि ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या शेजारच्या माणसाला पाणी वाचवण्याबद्दल वेगळं सांगायला नको. इल्फर्डनं सुचवलेली पद्धत पुरते: टँक २४ अंशांच्या पाण्यानं भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, ओता, परत भरा, दहा वेळा, परत भरा, वीस वेळा. दीड लिटरमध्ये रोल धुतला जातो. साध्या हायपोसाठी आणखी दोन वेळा भरून, दरवेळी पाच मिनिटं तसंच ठेवून ओता. मग आरओच्या ५०० मिलीमध्ये फोटो-फ्लो (थेंब न धरता पाणी निथळू देणारं द्रव) अडीच मिली, एक मिनिट, फेस न करता. फोटो-फ्लो ओतताना हात सैल सोडू नका. जास्त झालं की त्याचेच चिकट डाग पडतात.

यानंतर रोल बोटांत धरून पुसू नका. ओल्या थरावर धुळीचा एक कण असला तरी पूर्ण लांबीची रेघ उठते. बाथरूमच्या फरशीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसते, दार लावा, रोल तिरका टांगा, खाली कपड्यांचा चिमटा. पंखा बंद, आणि कूलर तर हमखास बंद. कूलर त्याच क्षाराच्या पाण्याचे तुषार आणि बाहेरची काळ्या मातीची धूळ आत फेकतो. जिनिंगच्या दिवसांत मानवत-सेलूकडे हवेत कापसाचे तंतूही असतात; तेव्हा रात्री टांगलेला बरा. दोन-तीन तासांत रोल वाळतो.

धुण्याइतकंच महत्त्वाचं असलेलं एक कॅमेऱ्यातलं सांगतो. आपल्याकडे मेच्या उन्हात औंढा नागनाथाच्या देवळासारखा काळा दगड आणि समोर पांढरं धोतर एका फ्रेममध्ये आलं की फरक रोलाला झेपत नाही. अशा दिवशी एचपी५ चा आयएसओ ४०० ऐवजी २०० धरा, म्हणजे दगडातलं कोरीव काम येईल, आणि २४ अंशांवर सव्वासातऐवजी सहा मिनिटं धुवा, म्हणजे धोतर जळणार नाही. पूर्ण रोल अशाच उजेडात काढला असेल तरच हे करा. अर्धा रोल घरात काढलेला असेल तर नेहमीची वेळ ठेवा.

डेव्हलपर किती टिकतो हेही उष्णतेवर आहे. गच्च भरलेल्या बंद बाटलीत डी-७६ सहा महिने, अर्ध्या बाटलीत दोन महिने, असं धरलं जातं. तापलेल्या खोलीत त्याहून कमी. एक लिटर बनवलं की २५० मिलीच्या चार बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, एका रोलाला एक बाटली. रंग चहासारखा झाला की फेकून द्या. थंड पेयाच्या बाटलीत ठेवत असाल तर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो आडाजवळ किंवा झाडाला ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याला द्या.

राहिले तुमचे तीन रोल. पहिले दोन काळे आहेत, पण गेलेले नाहीत. एन्लार्जरवर एक्स्पोजर वाढवून ० किंवा १ ग्रेडच्या (कमी कॉन्ट्रास्टच्या) फिल्टरवर प्रिंट काढा, बऱ्याच फ्रेम निघतील. फेरीसायनाइडचा रिड्यूसर लावून काळेपणा उतरवता येतो, पण तो सावलीतला तपशील आधी खातो, म्हणून शिकत असताना हात लावू नका. पांढरे डाग निगेटिव्हच्या चकचकीत बाजूला असतील तर निघतात: एक भाग पांढरा व्हिनेगर, तीन भाग आरओचं पाणी, २४ अंशांवर दोन-तीन मिनिटं, मग दोन पाण्यानं खळबळून फोटो-फ्लो आणि टांगणं. आधी सर्वांत कमी महत्त्वाच्या पट्टीवर करून पाहा. निस्तेज, म्हणजे थराच्या बाजूला थेंब वाळून खड्डा किंवा कडं उमटलं असेल तर ते बहुतेक जात नाही. फोमापॅनच्या सुरकुत्यांवर उपाय नाही, आणि काठ सुटलेला असल्यानं तो रोल परत पाण्यात घालू नका. आहे तसा स्कॅन करून ठेवा.